बरण्यांची क्रोशाची कव्हरं घसरून पायाशी येतात, काय चुकतंय?

सुतावरून_स्वर्ग
रिकाम्या काचेच्या बरण्या टाकवत नाहीत हा माझा जुनाच रोग. या वेळी म्हटलं, त्यांना कामाला लावू. मणी, बटणं, टिकल्या, भरतकामाच्या दोऱ्याच्या लडी, टाचण्या, हुक असा सगळा पसारा इतकी वर्षं एकाच पत्र्याच्या डब्यात एकमेकांच्या उरावर बसून होता. तो वेगवेगळ्या बरण्यांत भरला आणि एकेका बरणीला क्रोशाचं कव्हर करायला घेतलं. पाच झाली. पाचही फसली.

आणि अंदाजपंचे केलं असंही नाही. टेपने बरणीचा घेर मोजला, २३.५ सेंमी. बरोबर तेवढी साखळी घातली, गोल जोडली, आणि सुती दोऱ्याने ३.५ मिमीच्या सुईवर खांद्यापर्यंत विणत गेले. तळ केला नाही, नुसती नळी. चढवलं तेव्हा अगदी अंगासरसं बसलं होतं. आठवड्याभरात घसरून बरणीच्या पायाशी गोळा झालं, दिवसभर हुंदडून आलेल्या पोराच्या मोज्यासारखं.

दुसरं म्हणजे, फेरी जिथे जोडते ती रेघ सरळ वर जायची सोडून तिरकी पळते. तिसरं सांगायचीच लाज वाटते. आता आत काय आहे तेच दिसत नाही. काल एक काळं बटण शोधायला पाच झाकणं उघडली.

जाणकारांनी सांगावं.

गुंतवळ
ताई, माप बरोबर घेतलंत तिथेच चुकलं.

काच गुळगुळीत. तिला धरून राहायला कव्हरकडे ताणाशिवाय दुसरं काही नाही. घेराइतकंच कव्हर केलं तर ताण राहिला कुठे? त्यात दोरा सुती. एकदा सैलावला की लोकरीसारखा आपणहून आवळून येत नाही. म्हणून घेरापेक्षा आठ-दहा टक्के लहान विणायचं. चढवताना थोडी झटापट झाली पाहिजे. सहज चढलं की समजायचं, सहज उतरणार.

तुमच्याच बरणीचा हिशेब करू. २३.५ मधून दहा टक्के गेले की राहिले साधारण २१ सेंमी. आता एक छोटा चौकोन विणा, कडा सोडून मधल्या ५ सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. समजा १० बसले, म्हणजे सेंटिमीटरला दोन. २१ सेंमीला ४२ टाके. ४२ ला सहाने भाग जातो, त्याचा उपयोग तळ करताना होईल. आणि तळ कराच. नळी नको.

चष्मेवाली
गुंतवळ, हिशेब पटला, पण चौकोन नको. चौकोन आपण उलटसुलट, मागेपुढे विणतो, कव्हर एकाच बाजूने गोल गोल. बऱ्याच जणांच्या हाताला दोन्हीची वीण वेगवेगळी पडते. तळ विणायला घ्यायचा, चार फेऱ्या झाल्या की त्यावरच पट्टी ठेवून मोजायचं. नमुन्याचा नमुना, आणि तो वायाही जात नाही.

उलटा_टाका
तळाची गोष्ट गुंतवळ यांनी एका शब्दात उरकली. मी जरा लांबण लावणार आहे, कारण मला ते चांगलंच भोवलं आहे.

माझीही पहिली कव्हरं नळ्याच होती. एका बरणीत पारदर्शक काचमणी होते, टाचणीच्या डोक्याएवढे. कव्हर चढवल्यावर बरणी उचलताना आपण काच धरतच नाही, कव्हर धरतो, हे तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं. उचलली. कव्हर हातात राहिलं, बरणी खालून सटकली आणि फरशीवर.

आता बघा, काचेचे मणी आणि काचेचा चुरा. दोन्ही पारदर्शक, दोन्ही बारीक, दोन्ही उन्हात सारखेच चमकणारे. आधी वाटलं, चाळणीने वेगळे करू. मण्यांबरोबर चुराही खाली पडला. मग चिमट्याने एकेक मणी वेचायला बसले. वीसेक मणी झाल्यावर लक्षात आलं की मण्याच्या भोकातही काच अडकली आहे, आणि मुकाट्याने सगळं जाड कागदात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहून टाकून दिलं. ओल्या कापसाने फरशी तीनदा टिपली.

कव्हर मात्र झटकून ठेवलं, कारण चांगलं झालं होतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बरणीवर चढवताना बोटात कूस गेली. विणीत शिरलेली काच झटकून निघत नाही, धुऊनही खात्री देता येत नाही. अशा वेळी कव्हरही टाकायचं, जीव अडकवायचा नाही.

तेव्हापासून तळाशिवाय कव्हर नाही. तळ असला की बरणी हातातच राहते. शिवाय टेबलावर ठेवताना टणत्कार होत नाही, आणि खणात चार बरण्या शेजारी ठेवल्या तर एकमेकींवर आपटत नाहीत.

कोरा_कागद
मला विणकामातलं काही कळत नाही, पण एक विचारू? काच निवडायची ती आतलं दिसावं म्हणून. आणि मग तिला स्वेटर घालायचा. चिठ्ठी चिकटवा, झालं काम.

सुतावरून_स्वर्ग
आमच्या घरच्यांनी इथे आयडी काढला की काय!

उलटा_टाका, वाचताना अंगावर काटा आला. माझ्या मण्यांच्या बरणीचं कव्हर आत्ता उठून काढून ठेवलं.

चष्मेवाली
कोरा_कागद यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ते अर्धे बरोबर आहेत.

बटणांना कव्हर लागत नाही. बटणं दिसायलाच हवीत, उजेडाने त्यांचं फारसं काही बिघडत नाही. मण्यांचंही बहुतेक तेच. पण दोऱ्याच्या लडींचं वेगळं आहे. खिडकीसमोर काचेच्या बरणीत भरतकामाचे दोरे ठेवले की उजेडाकडची बाजू विटते, आणि ते कळतं कधी, तर अर्धं फूल भरून झाल्यावर. त्याच लडीतला दोरा पाकळीच्या मध्यावर एकदम फिका. लोकरीच्या उरलेल्या छोट्या गुंड्यांनाही उजेड वर्ज्य, मात्र त्यांना घट्ट झाकणाची बरणी फार सोयीची, कसर शिरत नाही. तर अशा बरण्यांना कव्हर घाला, तेही दाट विणीचं. बाकीच्यांना नुसत्या हौसेचं घालायचं असेल तर जाळीचं घाला, किंवा अर्धं.

सगळ्या बरण्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत हा हट्ट सोडलात की तुमची तिसरी अडचण उरणारच नाही.

नवीन_सुई
मी अगदी नवशिकी आहे. तळ कसा करतात? मी केला तर एकदा वाटी झाली आणि एकदा कडेला झालर आली. सपाट काही झाला नाही.

गुंतवळ
वाटी होते म्हणजे टाके कमी वाढवताय, झालर येते म्हणजे जास्त.

मधोमध मॅजिक रिंग, म्हणजे टोक ओढून आवळता येणारा दोऱ्याचा फास, त्यात ६ टाके. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन दोन, झाले १२. तिसरीत एक साधा, एकात दोन, १८. चौथीत दोन साधे, एकात दोन, २४. असं दर फेरीला ६ वाढवत ३०, ३६, ४२. सातव्या फेरीला ४२, जे आपल्याला हवे होते. तिथे वाढवणं थांबवायचं आणि पुढे टाक्यावर टाका घालत राहायचं. थांबलात की वीण आपोआप उभी राहते. तळाला आणि भिंतीला नेमका काटकोन हवा असेल तर वळणाची एक फेरी टाक्याच्या माथ्यावरच्या दोन पाकळ्यांपैकी फक्त मागच्या पाकळीतून विणा, कडेला छान घडी पडते.

सहाच का, तर वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढेल त्याच्या सव्वासहा पट त्याचा घेर वाढतो, शाळेतला पायचा हिशेब. या टाक्याची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असते, म्हणून एक फेरी चढली की घेराला साधारण सहा टाके जास्त लागतात. उंच खांबाने तळ केलात तर हाच हिशेब बाराचा होतो, कारण तो खांब जवळपास दुप्पट उंच. हे एकदा कळलं की तळाचा नमुना कुठे शोधावा लागत नाही.

नवीन_सुई
‘हा टाका’ म्हणजे कुठला? मी एका नमुन्यात ‘डबल क्रोशे’ वाचून केलं, तर कव्हर बरणीच्या दुप्पट उंच झालं.

उलटा_टाका
अगं, तो घोळ तुझा नाही. अमेरिकन नमुन्यात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. नमुना कुठला आहे ते वर लिहिलेलं असतं, नसेल तर ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द शोधायचा. सापडला तर नमुना अमेरिकन, कारण ब्रिटिशांकडे त्या नावाचा टाका नाही.

नावं सोड, हात लक्षात ठेव. सुईवर आधी वेढा न घेता सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून आणायचा, सुईवर दोन फास झाले की वेढा घेऊन दोन्हीतून एकदम काढायचा. हा बुटका टाका, मुका खांब. गुंतवळ याचंच सांगतायत. सुई घालण्याआधी एक वेढा घेतलास तर तो उंच खांब, दोन-दोन फासांतून दोनदा काढायचा. बरणीला बुटकाच बरा. दाट होतो, ताण धरतो.

चष्मेवाली
रेघ तिरकी का पळते ते राहिलंच. न उलटता एकाच बाजूने विणत गेलं की प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या नेमका डोक्यावर न बसता किंचित बाजूला बसतो. उजव्या हाताने विणणाऱ्यांचा उजवीकडे, डावखुऱ्यांचा डावीकडे. फेरीगणिक ते किंचित किंचित साचतं आणि जोड बरणीभोवती फिरत जातो. तुमची चूक नाही, विणीचा स्वभाव आहे.

उपाय दोन. एक तर फेरी जोडायचीच नाही, गोगलगाईसारखं गोल गोल चढत जायचं आणि फेरीचा पहिला टाका कळावा म्हणून त्यात पिन किंवा वेगळ्या रंगाचा दोरा अडकवायचा. दुसरा उपाय, दर फेरीला जोडून विणकाम उलटायचं, म्हणजे एक फेरी उजवीकडे कलते, पुढची डावीकडे, आणि जोड बराचसा सरळ राहतो. पोत मात्र वेगळा दिसतो. मी बरणीला नेहमी पहिलाच करते. रंगीत पट्टे घालायचे असतील तर त्यात रंग बदलतो तिथे पायरी दिसते. ती बाजू भिंतीकडे करायची.

सुतावरून_स्वर्ग
किती मनमोकळं सांगता सगळे. आता दोऱ्याचं विचारते. चकचकीत मर्सराइज्ड सुती दोरा घरात पडून आहे, तो वापरू का?

गुंतवळ
दिसायला देखणा, पण बरणीला मी नाही वापरणार. जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला, १८५० मध्ये पेटंट घेतलं, आणि पुढे १८९० च्या आसपास होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली तेव्हा त्याला ही झळाळी आली. दोरा मजबूत होतो, रंग छान धरतो. पण गुळगुळीतही होतो, आणि काचेवर आपल्याला नेमका गुळगुळीतपणाच नको आहे. साधा, किंचित लवदार सुती दोरा काचेला जास्त धरतो. तो झळाळीवाला वरच्या दोन फेऱ्यांना, किनारीला वापरा.

मऊ_गाठ
खांद्याबद्दल कोणीच बोललं नाही. मी कव्हर बरणीच्या खांद्यावरून आत वळवते, टाके कमी करत गळ्यापर्यंत. अजिबात घसरत नाही.

उलटा_टाका
घसरत नाही खरं, पण धुवायला काढता कसं?

मऊ_गाठ
काढत नाही. बरणीवरच विणलं आहे. :(

उलटा_टाका
तेच. ४२ चे ३६ केले तरी तोंड झालं १८ सेंमी, आणि बरणी २३.५. बुटक्या टाक्याची वीण तेवढी ताणत नाही. वळवायचंच असेल तर टाके कमी करू नका. खांद्याशी आल्यावर एक फेरी भोकांची करा, एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडून पुन्हा खांब. त्यातून साखळीची नाडी ओवा. बांधली की कव्हर गळ्याशी आवळतं, सोडली की मुकाट उतरतं. फक्त झाकणाचे आटे मोकळे ठेवा. नाडीचं टोक आट्यात अडकलं की झाकण तिरकं बसतं आणि तुम्ही झाकणाला शिव्या घालता.

गुंतवळ
वर चष्मेवाली जाळीचं म्हणाल्या, त्याला एक पुरवणी. नुसती जाळी ढिली पडते, तिला धरायला काही नसतं. खाली दाट तळ आणि तीन-चार फेऱ्या, मध्ये जाळी, वर पुन्हा दोन दाट फेऱ्या. त्या वरच्या दोन फेऱ्यांवर सगळं कव्हर टांगलेलं असतं असं समजा. त्या बाकीच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुईवर विणा.

कोरा_कागद
चिठ्ठी चिकटवा म्हणालो खरा, पण मुळात बरणीवर आधीच एक चिठ्ठी आहे आणि ती निघत नाही. घासून घासून डिंकाचे काळे वळे झाले. यावर विणकामवाल्यांकडे काही?

मऊ_गाठ
हे मला येतं!

कागद भिजवून निघतो, पण मागचा चिकटा दोन तऱ्हेचा असतो. पाण्यात विरघळणारा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी आपोआप सुटतो. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतो, पाण्याला दाद न देणारा. त्याला तेल लागतं. कुठलंही घरातलं तेल आणि खायचा सोडा कालवून लेप लावा, अर्धा तास विसरून जा, मग फडक्याने गोल गोल चोळा. घासणीची खरखरीत बाजू नको, काचेवर ओरखडे राहतात. नंतर साबणाने दोनदा धुवा, कारण तेलाचा हात राहिला तर तो कव्हरला लागतो आणि सुती दोऱ्यावरून तेलाचा डाग जाता जात नाही.

उकळतं पाणी मात्र थंड बरणीत ओतू नका. साध्या काचेला एकदम एवढा फरक सोसत नाही, तडा जातो.

चष्मेवाली
धुतल्यावर पुरती वाळवा, हेही लिहून टाका. मी घाईत वरवर पुसलेल्या बरणीत सुया-टाचण्या भरून झाकण लावलं होतं. दोन आठवड्यांनी सगळ्यांच्या टोकांना तांबूस गंज. गंजलेली टाचणी पांढऱ्या कापडात एकदा टोचली की तो ठिपका कायमचा. आता बरणी आणि झाकण वेगवेगळी करून एक दिवस उघडी ठेवते आणि आत सिलिका जेलची पुडी टाकते.

झाकणाला आतून जी मऊ कड असते ना, तिच्यात जुना वास मुरलेला असतो. काच धुतली की वास जातो, त्या कडेचा जात नाही. अशी बरणी दोऱ्यांना देऊ नका, दोरे वास पितात. बटणांना द्या. आणि चांदीचा मुलामा असलेली तार किंवा कड्या लोकरीबरोबर एका बरणीत नकोत. लोकरीत गंधक असतं, चांदी काळवंडते.

सुतावरून_स्वर्ग
हजर! पाचही उसवली. उसवलेला दोरा शेवयांसारखा कुरळा झाला होता, तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, भिजवून पिळून टांगली. वाळल्यावर बऱ्यापैकी सरळ आला.

चष्मेवालींचं ऐकून तळावरच मोजलं. गुंतवळ, तुमचे ४२ मला लागलेच नाहीत! माझा हात सैल आहे. सहाव्या फेरीला, ३६ टाक्यांवरच तळ ६.७ सेंमी भरला, म्हणजे घेर २१. तिथेच थांबले. चढवताना अंगठे दुखले. आज दहावा दिवस आहे, एक मिलिमीटर हललेलं नाही. धरून उचललं, उलटं केलं, हलवलंही. (खाली गादी होती, उलटा_टाका, काळजी नसावी.)

दोऱ्यांच्या दोन बरण्यांना पूर्ण कव्हर, मण्यांच्या दोघींना अर्धं, वरचा अर्धा भाग मोकळा. बटणांची बरणी कोरा_कागद यांच्या नावाने उघडीच ठेवली आहे.

गुंतवळ
३६ ऐकून बरं वाटलं. म्हणून म्हणत होतो, दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही.

नवीन_सुई
मीही करतेय! तळ सपाट झाला, वाटी नाही, झालर नाही. पण सहाव्या फेरीला ३६ हवेत ना, माझे ३५ भरतात. चारदा मोजले.

उलटा_टाका
उसवू नकोस. फेरीच्या सुरुवातीला जी खुणेची पिन लावली आहेस ती काढून बघ. तिच्या खालचा टाका दबतो आणि फेरी संपवताना आपण त्याच्यावरून उडी मारतो. सगळ्यांचं होतं.

नवीन_सुई
तिथेच होता.